स्टुटगार्टला निघताना मिक्सर न्यावा का, आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीत राहणारं कुटुंब, नवऱ्याची बदली जर्मनीत स्टुटगार्टला, सोबत सहा वर्षांची मुलगी. प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मिक्सर अजिबात नेऊ नकोस, चालणार नाही. मैत्रीण दुबईला असते, ती म्हणते मसाल्याच्या डब्यातून खसखस आधी काढ. सासूबाई म्हणतात, निदान घरचं तूप तरी ने. आणि एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे: तिकडची माणसं फार शिस्तीची, जपून राहा.

भाऊ आणि मैत्रीण दोघंही खरं बोलतायत, पण आपापल्या देशापुरतं. सासूबाईंच्या तुपाचं पुढे सांगते.

मी ठाण्याच्या नौपाड्यात बसून परदेशी निघालेल्या कुटुंबांची तयारी करून देते, आणि उलट दिशेने, घोडबंदर रोडला राहायला येणाऱ्या परदेशी कुटुंबांना इथलं घर समजावून देते. त्यावरून सांगते, 'माणसं शिस्तीची' हे वाक्य आधी डोक्यातून काढा. त्यातून कळत काहीच नाही, नुसतं दडपण येतं. घरातल्या आणि गावातल्या बहुतेक नियमांच्या मुळाशी भिंत, पाइप, वायर नाहीतर कोणाच्या तरी खिशातून जाणारे पैसे असतात. ते मूळ सापडलं की जो नियम तुम्हाला कोणी सांगितलेलाच नाही, तोही ओळखता येतो.

मिक्सरपासूनच सुरू करू. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. जर्मनीतही तेच. म्हणजे तुमचा मिक्सर तिथे बिनबोभाट चालेल, फक्त पिन बसणार नाही. आपली तीन गोल पिनांची रचना जुन्या ब्रिटिश मानकावरून आलेली. खुद्द ब्रिटिशांनी ती सोडून चौकोनी पिना घेतल्या, आपण जुनीच ठेवली. जर्मनीत दोन जाड गोल पिना आणि अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना. मोबाइलच्या चार्जरला साधा अडॅप्टर चालतो. मिक्सरला मात्र ते 'सगळ्या देशांत चालणारे' स्वस्त अडॅप्टर लावू नका, त्यांतल्या बऱ्याच अडॅप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही. तिथे पोचल्यावर जाणकाराकडून वायरच्या टोकाचा टॉपच, म्हणजे पिनांचा प्लग, बदलून घ्या.

न्यू जर्सीत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. तिथे आपला मिक्सर नुसता कण्हतो, चटणी काही वाटत नाही. त्यासाठी तिथल्या व्होल्टेजवर चालणारी मॉडेलं आपल्याच कंपन्या बनवतात, ती घ्यावीत. अमेरिकेत साध्या सॉकेटवर १५ अँपिअर धरले तर जेमतेम १८०० वॉट मिळतात, म्हणून तिथली चहाची किटली १५०० वॉटच्या आसपास असते आणि पाणी उकळायला वेळ लावते. इंग्लंडची किटली ३००० वॉटची. अमेरिकन माणूस चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये का तापवतो, याचं अर्धं उत्तर भिंतीतल्या वायरमध्ये आहे. जपानमध्ये तर १०० व्होल्ट, आणि त्यातही पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ते अजून निस्तरतायत.

आता शेगडी. ऐरोलीत तुमच्याकडे पाइप गॅस नाहीतर सिलिंडर असेल, म्हणजे ज्योत. स्टुटगार्टच्या घरात बहुधा काचेचा सपाट विजेचा पृष्ठभाग मिळेल. तो दोन प्रकारचा असतो आणि दिसायला सारखाच. एकात काचेखाली तापणारी तार असते, त्यावर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, ॲल्युमिनियमसुद्धा. दुसरा इंडक्शन, त्यावर लोहचुंबक चिकटेल असंच बूड लागतं. म्हणून घरातला साधा ॲल्युमिनियमचा कुकर नेऊ नका, इंडक्शन बुडाचा स्टीलचा घ्या, तो दोन्हीकडे चालतो. दुकानात जाताना फ्रीजवरचं एखादं चुंबक पर्समध्ये टाका आणि बुडाला लावून बघा, डब्यावरच्या छापील मजकुरावर जाऊ नका. गोल बुडाची लोखंडी कढई आणि खोलगट तवा दोन्ही इथेच ठेवा. फुलके ज्योतीवर फुगवायची सवय असेल तर ती सुटेल. घडीच्या पोळ्या मात्र सपाट बिडाच्या तव्यावर उत्तम होतात, फक्त तो तवा काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा. त्या काचेवर चरा पडला तर घर सोडताना अनामत रकमेतून पैसे कापले जातात.

हे सगळं अर्थात स्वयंपाकघर असेल तर. हसू नका. आपल्याकडे बिल्डर निदान ग्रॅनाइटचा ओटा आणि सिंक देतो. जर्मनीत भाड्याच्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची तोंडं. आधीचा भाडेकरू आपली कपाटं, शेगडी, सिंकसुद्धा काढून घेऊन जातो, छताला दिव्याच्या जागी वायर लोंबत असते. कारण तिथे भाडेकरार बहुधा बेमुदत असतो. आपल्यासारखं अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स नाही. माणूस भाड्याच्या घरात दहा-पंधरा वर्षं राहतो, मग ओटा स्वतःच्या आवडीचा बसवतो आणि जाताना नेतो किंवा पुढच्याला विकतो. तेव्हा जाहिरात बघताना स्वयंपाकघर बसवलेलं आहे का, असल्यास ते घरमालकाचं की आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं, हे पहिल्या फोनमध्ये विचारा. भाड्याचा आकडा 'थंड' की 'गरम' तेही विचारा. थंड म्हणजे नुसती जागा, गरम म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी, आणि ती तीन हप्त्यांत भरता येते. हे घरमालक आपणहून सांगेलच असं नाही.

फोडणीबद्दल सगळे घाबरवतात. वासावरून शेजारी भांडतात वगैरे गोष्टी ऐकल्या असतील, थोडंफार तथ्य असेलही. माझ्या मते खरी अडचण वाफेची आहे. ठाण्यातल्या घरात खिडक्यांच्या फटींतून वारा येतच असतो, आपण बंद करतो म्हणजे फक्त पाऊस बाहेर ठेवतो. जर्मन घर थंडीसाठी हवाबंद केलेलं असतं. कुकरच्या चार शिट्ट्या, आंघोळीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, हे सगळं पाणी घरातच राहतं आणि सगळ्यात गार कोपऱ्यात, बहुधा कपाटामागे, काळी बुरशी धरते. जुलैत आपल्या भिंतीला येते तशीच. आपण मात्र ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघतो, तिथे ते ऊन मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही. म्हणून खिडक्या दिवसातून दोन-तीनदा सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, ही अपेक्षा कधी कधी भाडेकरारातच लिहिलेली असते. बाहेर शून्याखाली तापमान असताना खिडकी उघडायची हे आपल्याला वेडेपणाचं वाटतं. पण खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंती गार पडतात आणि बुरशी वाढते. सताड उघडून लगेच बंद केली तर फक्त हवा बदलते, भिंत गरम राहते. बुरशी आली की पहिला प्रश्न येतो, तुम्ही हवा खेळवत होतात का? आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे त्या उत्तरावर ठरतं.

तिथली चिमणी पुष्कळ घरांत धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडते. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या मार्गावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. तेव्हा मिरचीचा ठेचा करताना स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा. अलार्मवर पिशवी बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. तसं करू नका, विम्याच्या वेळी ते अंगाशी येतं.

न्हाणीघराकडे लोक लक्ष देत नाहीत आणि महागात तिथेच पडतं. आपल्या बाथरूमला उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते. बादलीभर पाणी ओतलं तरी वाहून जातं, उलट तसंच धुवायचं असतं. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका या तिन्ही ठिकाणी बहुतेक घरांत शॉवरच्या किंवा टबच्या बाहेर पाणी जायला वाटच नसते. अमेरिकेत फरशीखाली लाकूड असतं. बाहेर सांडलेलं पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि मग शेजाऱ्याचं छत, दिवे, गालिचा सगळं तुमच्या नावावर. म्हणून जर्मनीत जवळजवळ प्रत्येक घर दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा खाजगी दायित्व विमा काढून ठेवतं. सक्तीचा नाही, पण पहिल्याच आठवड्यात काढा, फार महाग नसतो. मुलगी सहा वर्षांची आहे म्हणताय, तर नक्कीच काढा, आणि लहान मुलांकडून झालेलं नुकसान त्यात धरलं आहे का ते वाचून घ्या. गॅलरी पाइप लावून धुणं विसरा. इंग्लंडमध्ये कपड्यांचं मशीन स्वयंपाकघरात का, हेही इथेच सुटतं: तिथे बाथरूममध्ये साधं सॉकेट बसवायला जवळपास बंदीच आहे. जर्मनीत बसवतात, त्यामुळे मशीन बाथरूममध्ये किंवा इमारतीच्या तळघरातल्या सामायिक धुण्याच्या खोलीत असतं.

पिण्याचं पाणी थेट नळाचं. वॉटर प्युरिफायर नेऊ नका. पाणी काही भागांत जड असतं, किटलीला पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने जातो.

आता तूप. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. सासूबाईंचं तूप, खव्याचे पेढे, पनीर सगळं त्यात येतं. कारण सरळ आहे, गुरांचे रोग. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे येऊ नये म्हणून ही खबरदारी. बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. वाईट वाटून घेऊ नका, जर्मन सुपरमार्केटात 'बुटरश्माल्त्स' नावाने लोण्यापासून कढवलेलं तूप डब्यात मिळतं. आपल्या रवाळ साजूक तुपाचा वास त्याला नाही, पण वरणभातावर चालतं. चितळ्यांची बाकरवडी, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड खुशाल न्या. ताजा कढीपत्ता नेऊ नका, ताज्या पानाफळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. घरी सावलीत वाळवून चुरून न्या म्हणणारे भेटतील, पण जर्मनीतल्या भारतीय दुकानांत ताजा मिळतोच, मग विषाची परीक्षा कशाला?

खसखशीची गोष्ट खास आहे. संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दिवाळीला अनारशांसाठी म्हणून कोणी दुबईला पुडी नेली तर तुरुंगाची वेळ येऊ शकते. तुमची मैत्रीण बरोबर सांगते आहे. आणि तीच खसखस जर्मनीत बेकरीच्या पावावर भुरभुरलेली असते, केकमध्ये वाटून घातलेली असते. दाणा तोच. तुम्ही निश्चिंत राहा, पण तिकीट दुबईवरून बदलून जाणारं असेल तर खसखस इथेच ठेवा, तिथे जाऊन घ्या. औषधांचंही असंच आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आखातात जाताना फार जपून, परवानगी बघूनच. जर्मनीत अडचण वेगळी: साधी पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधाच्या दुकानात मिळते, किराणा दुकानात नाही, आणि रविवारी पाळीने एखादंच औषधाचं दुकान उघडं असतं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेहमीची औषधं मूळ वेष्टनात हातसामानात ठेवा.

पोचल्यावरचं पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात नाव नोंदवायचं, घरमालकाकडून तसं लेखी घेऊन. कर क्रमांक आणि पुढची बरीचशी कागदपत्रं त्यावर अडून असतात. लोक म्हणतात, बापरे, सरकार नजर ठेवतं. मी घोडबंदरला येणाऱ्या जर्मन कुटुंबांना सांगते की १८० दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची, शिवाय घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची आणि सोसायटीची ना हरकत आणायची. तेव्हा ते अगदी हाच चेहरा करतात.

दारावरच्या घंटीला आणि टपालपेटीला लगेच आडनावाची चिठ्ठी लावा. जर्मन पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेकदा नसतोच, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्डही पत्रानेच येतं. काही दिवसांनी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरोंची रेडिओ-टीव्हीची वर्गणी मागणारं पत्र येईल. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका, तुमच्याकडे टीव्ही असो नसो, ती द्यावीच लागते. इंग्लंडमध्ये मात्र तसली वर्गणी टीव्ही बघत असाल तरच. भाऊ, मैत्रीण यांचे सल्ले एकमेकांना का काटतात ते आता लक्षात येत असेल.

कचऱ्याचं तुम्हाला अवघड जाणार नाही. ओला-सुका वेगळा करायची सवय नवी मुंबईकराला आहेच, ठाण्यात अजून आमच्या मजल्यावर वाद होतात. तिथे कागद, वेष्टनं, ओला आणि उरलेला असे चार डबे, आणि काचेसाठी रस्त्यावरचे कंटेनर, त्यातही रंगाप्रमाणे वेगळी काच. चुकीचा कचरा टाकलात तर शेजारीणबाई येऊन सांगेल. ती शिष्टाचार शिकवत नसते. डबा भेसळीचा निघाला की तो नेत नाहीत किंवा जादा पैसे लावून नेतात, आणि ते पैसे वर्षाच्या हिशेबात सगळ्या भाडेकरूंवर वाटले जातात. तिच्या खिशातून जातात म्हणून ती बोलते. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत मिळते. बाटली चेपू नका, यंत्र घेत नाही. सिंगापूरच्या सरकारी इमारतींत याच्या अगदी उलट, बहुतेक कचरा मजल्यावरच्या झडपेतून खाली जातो. तिथे पुरायला जमीनच नाही, म्हणून जाळतात आणि राख समुद्रातल्या सेमाकाऊ भरावावर टाकतात.

स्टुटगार्टची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे जिना आणि इमारतीपुढची वाट झाडायची पाळी असते, आठवडा-आठवड्याने भाडेकरूंमध्ये फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी टांगतात. ही रीत तिथल्या १४९२ च्या नगर-नियमांपर्यंत मागे नेतात. तुमच्या सोसायटीत झाडूवाले येतात, वर्गणीतून त्यांचा पगार जातो, तुम्ही जिन्याकडे बघतही नसाल. तिथे काही इमारतींनी आता पैसे देऊन हे काम बाहेर दिलं आहे, पण तुमच्या करारात पाळी लिहिली असेल तर ती करावीच लागते. बर्फ पडल्यावर वाट मोकळी करण्याचंही असंच, कोणी घसरून पडलं तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न मागे उभा असतो.

रविवारी दुकानं बंद, स्टेशनवरची काही सोडून. ड्रिल नाही, रात्री दहा ते सकाळी सहा मिक्सर नाही, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणंसुद्धा नाही. रविवारच्या विसाव्याला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत तसंच घेतलं आहे. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा. रात्री दहाला ॲप उघडून कोथिंबीर मागवायची चैन ऐरोलीतच राहील.

रस्त्यावर एवढंच: हॉर्न धोक्याच्या वेळीच, आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्या लायसन्सवर सहा महिने चालवता येतं, सोबत भाषांतर किंवा आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट ठेवायचं. त्यानंतर तिथली लेखी आणि गाडीची परीक्षा. मुलीला गाडीत बारा वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत लहान मुलांची सीट लागेल, टॅक्सीतही हे आधी विचारा. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०, रात्री ताप आला पण जिवावरचं नसेल तर ११६११७.

शाळेचं जरा गंभीरपणे घ्या. तिथे शाळेत हजर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. 'गणपतीला आठ दिवस घेऊन येते, बाईंना सांगेन' हे चालत नाही, दंड होतो. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी स्वस्त तिकिटाने निघालेल्या कुटुंबांना बव्हेरियातल्या विमानतळांवर पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या आल्या होत्या. दिवाळी कधी कधी शरद ऋतूच्या सुट्टीत येते, तेव्हा ठीकच. एरवी सणासाठी एखादा दिवस हवा असेल तर आधी लेखी अर्ज करा.

सामानाचं शेवटचं सांगते. मिक्सर न्या, चटणीचं आणि दळणाचं भांडं दोन्ही. कुकरच्या तीन रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह, एक शिट्टी आणि मिक्सरचे दोन कपलर घ्या. जांभळी नाक्याला किंवा गावदेवीत हे किरकोळ पैशांत मिळतं. तिथे आपल्या कंपनीचा सुटा भाग सहज सापडत नाही, आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याची मजुरी ऐकून तुम्ही नवाच घ्याल.